हृदयातली वीज

अँजिओग्राफी करून घरी आलेल्या माणसाला भेटायला गेलेले पाहुणे पहिला प्रश्न एकच विचारतात, ‘ब्लॉकेज किती टक्के निघालं?’ हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रक्तवाहिन्या, त्यांत साचलेली चरबी, स्टेंट आणि बायपास एवढंच येतं. पण घरात पाण्याचं फिटिंग वेगळं असतं आणि विजेचं वेगळं. नळाला पाणी येतंय म्हणून दिवे लागतीलच असं नाही. हृदयाचंही तसंच आहे. रक्तवाहिन्या अगदी साफ असलेल्या माणसाचं हृदय विजेच्या बिघाडानं मंदावू शकतं, बेताल धावू शकतं, थांबूही शकतं. या बिघाडांच्या खुणा बहुतेक वेळा घरीच दिसतात, फक्त त्या ओळखता यायला हव्यात. त्यासाठी आधी हृदयाची रचना आणि त्यातली वीज कुठून कुठे जाते हे नीट समजून घ्यावं लागतं.

हृदय डावीकडे असतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते दोन फुप्फुसांच्या मधे, छातीच्या मधल्या हाडाच्या मागे असतं. त्याचा साधारण दोनतृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे येतो आणि खालचं टोक डावीकडे झुकलेलं असतं, म्हणून ठोका डाव्या बाजूला हाताला लागतो. आकार ज्याच्या त्याच्या मुठीएवढा, वजन मोठ्या माणसात 250 ते 350 ग्रॅम. आत चार कप्पे. वरचे दोन, म्हणजे कर्णिका, रक्त गोळा करतात. खालच्या दोन जवनिका ते पुढे ढकलतात. शरीरभर फिरून आलेलं अशुद्ध रक्त उजव्या कर्णिकेत येतं, तिथून उजव्या जवनिकेत, तिथून फुप्फुसांत. शुद्ध होऊन ते डाव्या कर्णिकेत परततं, डाव्या जवनिकेत उतरतं आणि महारोहिणीतून सगळ्या शरीराकडे निघतं. वाटेत चार झडपा, रक्त मागे फिरू नये म्हणून. उजव्या जवनिकेला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, त्यामुळे तिची भिंत तीन-चार मिलिमीटर जाड असली तरी भागतं. डाव्या जवनिकेला तेच रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं, तिची भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड असते. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, मिनिटाला पाच लिटर.

हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते महारोहिणीच्या मुळापासून फुटणाऱ्या दोन धमन्यांतून. त्यातही डाव्या जवनिकेच्या जाड भिंतीला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे, ती सैल पडलेली असताना. ठोके फार भरभर पडू लागले की ही मधली उसंत कमी होते. नाडी तासन्‌तास 150वर राहिली तर माणूस का थकतो, धाप का लागते, त्याचं एक कारण हे.

आता वीज. उजव्या कर्णिकेच्या वरच्या कोपऱ्यात, महाशिरा जिथे आत शिरते त्या सांध्याशी, विशेष पेशींचा एक छोटा पुंजका असतो. वैद्यकात त्याला सायनस नोड किंवा एसए नोड म्हणतात. याच्या पेशींना बाहेरून कोणी आज्ञा द्यावी लागत नाही. पेशीच्या पडद्यातून सोडियम आणि कॅल्शियमचे भारित कण हळूहळू आत झिरपतात, ठरावीक पातळी गाठली की पेशी विजेची एक लाट सोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. मेंदूचा संबंध फक्त वेग कमी-जास्त करण्यापुरता. व्हेगस नावाची नस लगाम खेचते, अ‍ॅड्रिनलिन टाच मारतं. दोन्हींचा परिणाम काढून टाकला तर तरुण माणसाचा सायनस नोड मिनिटाला सुमारे शंभर ठोके देतो. म्हणजे निवांत बसलेलं असताना आपली नाडी 70 असते ती व्हेगसच्या कृपेनं.

नोडमधून निघालेली लाट दोन्ही कर्णिकांवर पसरते आणि त्या आकुंचन पावतात. पुढे मात्र तिला वाट नसते. कर्णिका आणि जवनिका यांच्या मधे, चारही झडपांना धरून ठेवणारा चिवट तंतूंचा एक पडदा असतो आणि त्यातून वीज जात नाही. वाट एकच, एव्ही नोडमधून. तो दोन कर्णिकांच्या मधल्या पडद्याच्या तळाशी असतो आणि तिथे लाट मुद्दाम रेंगाळते, सुमारे एक दशांश सेकंद. हा उशीर मला सगळ्या रचनेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. तेवढ्या वेळात कर्णिका आपलं उरलेलं रक्त जवनिकांत रिकामं करून घेतात. आणि वर कर्णिकांत कधी मिनिटाला चारशे-पाचशे लाटांचा गोंधळ माजला, तर त्यातल्या बहुसंख्य लाटा इथेच अडतात, जवनिकांपर्यंत पोचत नाहीत. एव्ही नोड हा असा पहारा देत नसता, तर कर्णिकांच्या साध्या बिघाडानंही जीव गेला असता.

तिथून खाली हिस बंडल. ते पडद्यातून पार होतं, जवनिकांच्या मधल्या भिंतीत उतरतं आणि उजव्या-डाव्या फांद्यांत विभागतं. शेवटी या फांद्यांचं पर्किंजे तंतूंचं जाळं होतं. एव्ही नोडमध्ये रांगणारी लाट या जाळ्यात सेकंदाला दोन ते चार मीटर वेगानं धावते, त्यामुळे दोन्ही जवनिकांचा सगळा स्नायू जवळजवळ एकाच वेळी आवळतो. आकुंचन टोकाकडून वरच्या झडपांकडे जातं, कारण रक्ताला बाहेर पडायचं असतं ते वरूनच.

या वाटेचा शोध लागला तो उलट्या क्रमानं. शेवटचं जाळं सगळ्यांत आधी दिसलं: 1839 साली यान पर्किंजे या चेक शास्त्रज्ञाला, मेंढीच्या हृदयात. 1893 मध्ये विल्हेल्म हिस यांनी मधलं बंडल शोधलं. जर्मनीत मारबुर्गला आशोफ यांच्या हाताखाली काम करणाऱ्या सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरांनी 1906 मध्ये एव्ही नोड दाखवून दिला आणि हे सगळे तुकडे एकाच वाटेचे आहेत हे सांगितलं. पण वाट सुरू कुठे होते? इंग्लंडमध्ये केंट परगण्यात आर्थर कीथ यांच्या घरी मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीय विद्यार्थी बिळात राहणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याचं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता, त्याला उजव्या कर्णिकेच्या कोपऱ्यात वेगळाच ऊतीचा पुंजका दिसला. त्या दोघांनी 1907 मध्ये तो प्रसिद्ध केला. जिथून प्रत्येक ठोका निघतो, ती जागा सगळ्यांत शेवटी सापडली.

ईसीजीची पट्टी

ही वीज शरीराच्या पृष्ठभागावर जेमतेम एक-दोन मिलिव्होल्टएवढी जाणवते. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्टहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मोजणारं यंत्र बनवलं. ते इतकं मोठं होतं की रुग्ण यंत्राकडे येण्याऐवजी 1905मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेनं हृदयाची वीज प्रयोगशाळेत आणली. हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून रुग्ण बसत. 1924चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांनी लाटांना दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं आजही आपल्या पट्टीवर आहेत.

तुमचा ईसीजी काढताना चार क्लिपा हातापायांना आणि सहा कप छातीला लावतात. हात-पाय सैल सोडा, मनगटातलं घड्याळ आणि खिशातला मोबाइल बाजूला ठेवा, थंडी वाजत असेल तर पांघरूण मागा, कारण कुडकुडणाऱ्या स्नायूंची वीजही पट्टीवर उमटते. बोलू नका. छातीवर केस फार असतील तर कप नीट चिकटत नाहीत, तिथे दाढीचं ब्लेड फिरवायला सांगितलं तर संकोच करू नका. उजव्या-डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल ही नेहमी होणारी चूक आहे. तशा पट्टीवर काही लाटा उलट्या दिसतात आणि निरोगी माणूस रुग्ण ठरतो, तेव्हा अनपेक्षित रिपोर्ट आला तर पट्टी पुन्हा काढून घेण्यात कमीपणा नाही.

पट्टी हातात आली की डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तुम्हीही ती पाहू शकता. कागदावर बारीक चौकोन आहेत, पाच बारीक मिळून एक मोठा. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, त्यामुळे बारीक चौकोन म्हणजे 0.04 सेकंद, मोठा 0.2 सेकंद. सगळ्यांत उंच आणि टोकदार रेषा म्हणजे जवनिकांचा ठोका. दोन टोकांमधले मोठे चौकोन मोजा आणि 300ला त्या संख्येनं भागा. चार चौकोन असतील तर वेग 75, तीन असतील तर 100, सहा असतील तर 50. प्रत्येक टोकाच्या आधी एक छोटी गोलसर टेकडी दिसते का पाहा, ती कर्णिकांची पी लाट. ती दर वेळी आहे आणि तिच्यापासून टोकापर्यंतचं अंतर सारखंच आहे, म्हणजे लाट सायनस नोडपासून निघून ठरल्या वाटेनं खाली पोचते आहे. हे अंतर तीन ते पाच बारीक चौकोन असावं. एव्ही नोडचा तो उशीर बहुतांशी याच अंतरात असतो. टोकदार भागाची रुंदी तीन बारीक चौकोनांहून कमी असावी. रुंद असेल तर बहुधा एका फांदीतून वीज जात नाही आणि ती जवनिका शेजारणीकडून वीज घेऊन उशिरा आवळते आहे. टोकानंतरची मोठी टेकडी म्हणजे टी लाट, पुढच्या ठोक्यासाठी स्नायू पुन्हा भारित होतो ती वेळ.

एवढं पाहून निदान होत नाही, आणि करूही नये. पण पट्टीखाली यंत्रानं छापलेल्या इंग्रजी ओळींनी घाबरून जाणं तरी थांबतं. सगळ्यांत जास्त घबराट उडवणारी ओळ म्हणजे राइट बंडल ब्रँच ब्लॉक, आरबीबीबी. हा शब्द वाचून धमनी बंद पडली असं समजून रात्रभर न झोपलेली माणसं मी पाहिली आहेत. उजव्या फांदीतून वीज जात नाही एवढाच त्याचा अर्थ, रक्तवाहिनीशी त्याचा संबंध असेलच असं नाही, आणि पूर्णपणे निरोगी माणसांतही तो आढळतो. डाव्या फांदीचा ब्लॉक मात्र दुर्लक्षून चालत नाही. तो दिसला तर टूडी इको करून घ्यावा लागतो, आणि छातीत दुखत असताना तो नव्यानं दिसला तर थेट मोठं रुग्णालय गाठावं लागतं.

याच्या उलटही एक गैरसमज आहे, की ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदय नॉर्मल. साधी पट्टी दहा सेकंदांची असते. नाडी 72 असेल तर त्यात बारा ठोके येतात. दिवसभरात हृदय एक लाखाहून जास्त ठोके देतं. धडधड पहाटे तीनला होऊन गेली असेल, तर सकाळी दहाच्या पट्टीत ती सापडणार कशी? म्हणून चोवीस तास ईसीजी टिपणारं होल्टर यंत्र लावतात. ठोके ईसीजी रूपात टिपणारं मनगटी घड्याळ असेल तर धडधड चालू असतानाच त्यावर बोट ठेवून नोंद घ्या आणि ती डॉक्टरांना दाखवा. काहीच नसेल तर जवळच्या दवाखान्यात त्याच क्षणी ईसीजी काढा. झटक्यातली एक पट्टी नंतरच्या दहा नॉर्मल पट्ट्यांपेक्षा मोलाची.

नाडी

यंत्र नसतानाही विजेची तपासणी होते. तळहात वर करून मनगट मांडीवर सैल ठेवा. अंगठ्याच्या मुळाखाली, हाडाच्या आतल्या कडेला दुसऱ्या हाताची तीन बोटं हलकेच टेकवा. अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी जाणवते. जोरात दाबू नका, रक्तप्रवाहच बंद होतो. पाच मिनिटं शांत बसल्यावर पूर्ण एक मिनिट मोजा. मोजताना आकड्याइतकंच ताल काय आहे याकडे लक्ष द्या. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढणं आणि सोडताना कमी होणं, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, अगदी स्वाभाविक आहे. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा जोरात आदळतो, तोही बहुधा निरुपद्रवी. एक ठोका वेळेआधी पडलेला असतो, त्यानंतरच्या विश्रांतीत जवनिका जास्त भरते आणि पुढचा ठोका मोठा लागतो. जागरण, ताप, चहा-कॉफीचा अतिरेक, कमी हिमोग्लोबिन, वाढलेला थायरॉइड यांमुळे असे ठोके वाढतात. ते वारंवार येऊ लागले, किंवा हृदय मोठं झालंय असं आधी कधी सांगितलेलं असेल, तर मात्र तपासून घ्या.

पण नाडीला कसलाच ताल नसेल, दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं आणि जोरही वेगळा, तर त्याच आठवड्यात ईसीजी काढा. हे एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. कर्णिका नीट आवळत नाहीत, नुसत्या थरथरतात. डाव्या कर्णिकेच्या एका छोट्या पिशवीत रक्त साकळतं, गुठळी होते, ती निसटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. पुष्कळांना याची काहीच जाणीव नसते. धडधड नाही, दम नाही, आणि पहिली खूण म्हणजे वाकडं झालेलं तोंड. म्हणून घरातल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येकाची नाडी महिन्यातून एकदा तरी कोणीतरी बघावी असं मी आग्रहानं सांगतो. नातवंडांना शिकवा, त्यांना पाच मिनिटांत जमतं.

आपल्याकडे याला एक जुनं कारणही आहे. लहानपणी घसा धरून येणाऱ्या तापाकडे दुर्लक्ष झालं, पुढे सांधे सुजले, आणि काही वर्षांनी मिट्रल झडप आकसली, असा संधिवाती हृदयविकार भारतात अजून आहे. आकसलेल्या झडपेमागे डावी कर्णिका ताणली जाते आणि चाळिशीच्या आतच तिचा ताल बिघडतो. ज्या मुलाला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलंय, त्याचा एकही डोस चुकवू नका. इंजेक्शन दुखतं, पण मोठेपणीची झडपेची शस्त्रक्रिया वाचवण्याची ताकद त्यात आहे.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये रक्त पातळ करण्याची गोळी सुरू होते. अ‍ॅस्पिरिन तिच्याजागी चालत नाही. मिट्रल झडप आकसलेली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमच घ्यावी लागते, आणि आयएनआर ही तपासणी वेळोवेळी करावी लागते. पालेभाजी बंद करू नका. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा, म्हणजे गोळीचं प्रमाण ठरवता येतं. दुखण्यावरच्या गोळ्या मेडिकलच्या दुकानातून परस्पर घेऊ नका. दात काढायचा असेल तर गोळी आपल्या मनानं थांबवू नका, दंतवैद्याला सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

तरुण वयात, विशेषतः मुलींमध्ये, आणखी एक प्रकार दिसतो. बसल्याजागी अचानक धडधड सुरू होते, नाडी 150-200वर जाते, आणि बटण दाबल्यासारखी अचानक थांबते. घरचे म्हणतात टेन्शन आहे, परीक्षेची भीती आहे. बऱ्याचदा ते एसव्हीटी असतं. एव्ही नोडमध्ये किंवा त्याच्या शेजारी वीज जाण्याची एक जादा वाट जन्मतःच असते आणि लाट गोल-गोल फिरत राहते. झटका आला की एक उपाय करता येतो: अर्धवट बसून 10 मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल एवढ्या जोरानं 15 सेकंद फुंकायचं, मग लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्यानं दोन्ही पाय उचलून 15 सेकंद धरायचे. ब्रिटनमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीनं 43 टक्के रुग्णांचा ताल जागेवर आला, पाय न उचलता फुंकणाऱ्यांत 17 टक्क्यांचा. पहिल्या वेळी मात्र हे डॉक्टरांसमोरच शिकून घ्या. छातीत दुखत असेल किंवा भोवळ येत असेल तर फुंकत बसू नका, रुग्णालयात जा. वारंवार झटके येत असतील तर जांघेतल्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट जाळून टाकता येते, त्यातून बहुतेक जण कायमचे बरे होतात. त्या मुलीला भित्री ठरवण्याआधी एवढी तपासणी तिचा हक्क आहे.

मंद नाडी

नियमित पळणाऱ्याची नाडी 50 किंवा त्याहून कमी असणं चांगलंच. पण सत्तरीच्या आजीची नाडी 40 झाली, ती दोन जिने चढताना थांबू लागली, आंघोळीला जाताना दोनदा पडली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. आधी गोळ्यांचा डबा तपासा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन ही औषधं नाडी मंद करतात. दोन डॉक्टरांनी यातली दोन वेगवेगळी दिली आणि दोघांना एकमेकांचं माहीत नाही, असं होतं. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांचंही तसंच आहे, डोळ्यांत घातलेलं औषध अंगात शोषलं जाऊन नाडी कमी होते, आणि थेंबांना औषध न समजल्यामुळे ते डॉक्टरांना सांगितलंच जात नाही. मूत्रपिंड कमकुवत असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढूनही वीज अडते. गोळ्या स्वतः बंद करू नका, सगळा डबा घेऊन डॉक्टरांकडे जा.

एक इशारा इथेच. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, आपल्याकडे अंगणात आणि रस्त्याकडेला सर्रास असते. तिच्या बिया पोटात गेल्या तर डिगॉक्सिनसारखाच परिणाम होतो, एव्ही नोड अडतो आणि जीव जाऊ शकतो. लहान मुलानं बी चावली किंवा कोणी रागाच्या भरात खाल्ली, तर उलटी होऊन बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. ज्या रुग्णालयात ईसीजीवर सतत लक्ष ठेवता येतं तिथेच न्या.

सायनस नोड गळाला तर एव्ही नोडच्या परिसरातल्या पेशी मिनिटाला 40 ते 60 ठोके देतात, त्याही गळाल्या तर जवनिका स्वतः 20 ते 40. ही राखीव व्यवस्था माणसाला जिवंत ठेवते, पण मेंदूला पुरेसं रक्त देईलच असं नाही. वीज खाली पोचणं पूर्ण थांबलं असेल तर उपाय एकच, पेसमेकर. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये ओके सेनिंग आणि रूने एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन या रुग्णाला शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर काही तासच चालला. लार्सन मात्र त्यानंतर 43 वर्षं जगले. वीसहून अधिक पेसमेकर बदलत ते सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही मागे जगले. आजचं यंत्र 20-30 ग्रॅमचं, गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसतं, बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं जाते.

बसवल्यानंतर काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, सांधा आखडतो. मोबाइल दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा आणि शर्टाच्या पेसमेकरच्या बाजूच्या खिशात ठेवू नका. मिक्सर, टीव्ही, फ्रिजला हरकत नाही. इंडक्शन शेगडीपासून मात्र छाती 60 सेंटिमीटर दूर असू द्या. पेसमेकरचं कार्ड पाकिटात हवं, एमआरआय करायची वेळ आली तर आधी ते दाखवा. आणि घरातल्या एकदोघांना हेही माहीत असावं की दहनापूर्वी पेसमेकर काढावा लागतो, त्याची बॅटरी आगीत फुटते.

नाडी मंद, दरदरून घाम, उलटी आणि छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जडपणा हे एकत्र आलं, तर त्याला पित्त समजू नका. दहापैकी सुमारे सहा जणांत सायनस नोडला आणि बहुसंख्यांत एव्ही नोडला रक्त देणारी धमनी उजवीच असते. ती तुंबली की हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका येतो आणि वीजही मंदावते. इथे नळ आणि वीज दोन्ही बिघडलेले असतात.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या पहिल्या तासात होणारे बरेचसे मृत्यूही विजेचेच. रक्त न मिळालेला स्नायू वेडीवाकडी वीज सोडतो, जवनिका आवळण्याऐवजी थरथरतात, रक्त पुढे जात नाही. माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा मधूनमधून आचके देतो. आचके म्हणजे श्वास चालू आहे असं समजू नका. 108ला फोन लावून स्पीकरवर ठेवा, त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्यावर तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबा, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. तोंडानं श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा. दमलात की दुसऱ्याला द्या, पण थांबू नका. विमानतळांवर आणि काही मोठ्या इमारतींत एईडी ठेवलेलं असतं. ते उघडलं की स्वतः बोलून सूचना देतं आणि थरथर असेल तरच शॉक देतं, त्यामुळे चुकीचा शॉक बसेल या भीतीनं मागे राहू नका. शॉक मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरानं वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं यात ती मिनिटं जातात.

शेवटी कुटुंबाचा इतिहास. भावंडांत किंवा चुलत-मावस नात्यात कोणी चाळिशीच्या आत झोपेत गेलं असेल, पट्टीचा पोहणारा पाण्यात अचानक बुडाला असेल, किंवा खेळताना, धावताना, एकदम दचकल्यावर कोणाला भोवळ येत असेल, तर जवळच्या सगळ्या नातेवाइकांचा ईसीजी आणि इको करून घ्या. काही घराण्यांत टोकापासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचं क्यूटी अंतर जन्मतःच लांब असतं. अशा माणसाला अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉमपेरिडोन, ओंडान्सेट्रॉन यांसारखी सर्दी-उलटीवर सहज लिहून दिली जाणारी औषधंही धोक्याची ठरू शकतात. हे त्याच्या प्रत्येक केसपेपरवर वरच्या बाजूला लिहिलेलं हवं. आणि कोणताही ईसीजी, नॉर्मल असला तरी, टाकून देऊ नका. उष्णता लागून ती पट्टी काही वर्षांत पुसट होते, म्हणून मिळाल्या दिवशीच तारखेसह मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. पुढे कधी रात्री दोन वाजता आयसीयूतले डॉक्टर विचारतील, ‘हा डाव्या फांदीचा ब्लॉक जुना आहे की आजचा?’ त्याचं उत्तर त्या फोटोतच असेल.